वॉर्डातल्या जनावराची टीपीआर (ताप, नाडी, श्वास) नोंद: निम्मं काम हात लावण्याआधी

मे महिन्यातल्या दुपारच्या शीटवर एक नोंद हमखास सापडते: ताप १०३.४, नाडी १६०, श्वास 'जास्त'. कुत्रं आलेलं असतं पाय मुरगळला म्हणून. नागपुरात वर्धा रोडवरून स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसून आलं, दारातून थेट टेबलावर चढवलं, आधी शेपटी उचलून थर्मामीटर लावला आणि मग नाडी-श्वास मोजले. तिन्ही आकडे बरोबर मोजलेले आहेत. फक्त ते दुखण्याचे नाहीत. प्रवासाचे, उन्हाचे आणि थर्मामीटरचे आहेत.

पशुवैद्यकीय नर्सिंग आणि प्राणी वर्तन हे दोन विषय एकत्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनही हे होतं, कारण वर्तनाचा तास वेगळा आणि वॉर्डातली ड्यूटी वेगळी असं डोक्यात बसलेलं असतं. वॉर्डात ते वेगळं काढता येत नाही. तुम्ही जवळ गेलात की जनावराचं वर्तन बदलतं, आणि त्याबरोबर आकडेही. म्हणून क्रम ठरलेला आहे: पाहणं, श्वास, जवळ जाणं, नाडी, हिरड्या, आणि ताप सगळ्यात शेवटी.

हद्दीचंही आधीच सांगितलेलं बरं. भारतात उपचार ठरवणं, औषध किंवा मात्रा बदलणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा पदविका-प्रमाणपत्रधारकांना किरकोळ सेवा देऊ देतो, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत पशुवैद्यकीय नर्सला १९६६ च्या कायद्याच्या परिशिष्ट ३ नुसार काही लहान शस्त्रक्रियाही करता येतात, पण पशुवैद्यकाच्या सांगण्यावरूनच. तिकडच्या पदवीची पुस्तकं वाचून इकडच्या वॉर्डात हात सैल सोडू नका.

१. वॉर्डात पाय ठेवण्याआधी

रेबीजची पूर्वलस घेतल्याशिवाय ड्यूटी सुरू करायची नाही. आपल्याकडे ती ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी देतात, म्हणजे प्लेसमेंटच्या किमान महिनाभर आधी सुरुवात हवी. 'पहिला डोस झालाय, चालेल' हे चालत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही याच सुमारास उरकून घ्या.

जवळ काय हवं: सेकंदकाटा असलेलं घड्याळ (मोबाइल नको, तो घाण हाताने धरला जातो आणि नेमका मोजताना वाजतो), स्टेथोस्कोप, दोन डिजिटल थर्मामीटर, व्हॅसलीन, स्पिरिटचा कापूस, हातमोजे, मोठा टॉवेल, गळ्यात अडकवायची सरकती दोरी, दोन-तीन मापांची मुसकी आणि मीटरभर बँडेजपट्टी.

थर्मामीटर दोन का? एक फक्त संसर्गाच्या खोलीसाठी. पार्वोचा (पिल्लांना उलट्या-जुलाब करणाऱ्या संसर्गजन्य आजाराचा) विषाणू स्पिरिटने मरत नाही. त्याला साधं घरगुती ब्लीच लागतं, १ भाग ब्लीचला ३० भाग पाणी आणि १० मिनिटं संपर्क. तेही आधी घाण धुऊन काढल्यावर. विष्ठेवर ओतलेलं ब्लीच तिथेच वाया जातं. पार्वोच्या पिल्लाला लावलेला थर्मामीटर स्पिरिटने पुसून पुढच्या पिल्लाला लावणं म्हणजे आजार आपल्या हाताने वाटणं.

इशारा: चावलं किंवा ओरखडलं तर आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. पूर्वलस झालेली असली तरी पुन्हा डोस लागतात. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

२. केस पेपर, आणि मालकाला विचारायचे चार प्रश्न

केस पेपरवर सगळ्यात आधी औषधं बघा. झायलाझिन (गुंगीचं औषध) दिलेलं असेल तर नाडी मंद मिळणारच. ॲट्रोपिन दिलेलं असेल तर नाडी जलद आणि बाहुल्या मोठ्या. हे न वाचता मोजलेली नाडी डॉक्टरांना सांगितली की दोघांचाही वेळ जातो.

मालक म्हणतात, "कालपासून काहीच खाऊन नाही राहिला जी." याचा अर्थ उपाशी आहे असा नसतो. दूध प्यायलेलं असतं, बिस्कीट खाल्लेलं असतं, फक्त पोळी सोडलेली असते. म्हणून 'खातो का?' असं विचारू नका. विचारा: शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता? लघवी शेवटची कधी, किती? संडास कशी होती? आणि चौथा प्रश्न, जो बहुतेक जण विसरतात: घरी हा कशाला भितो, कुणाला जवळ येऊ देत नाही?

चौथ्याचं उत्तर पेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहा. 'टोपीवाल्या माणसावर धावतो', 'मागचे पाय धरू देत नाही', 'मारबतीच्या मिरवणुकीतला ढोल ऐकल्यापासून पलंगाखालून निघत नाही'. पुढच्या पाळीच्या माणसाची बोटं याच ओळीने वाचतात.

३. पिंजऱ्याबाहेरून ५ मिनिटं

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. पिंजऱ्यापासून दोन-अडीच मीटरवर, अंग जरा तिरपं ठेवून, शक्य असेल तर स्टुलावर बसा. पहिली दोन मिनिटं काहीच लिहायचं नाही; तुमच्या येण्याने झालेली हालचाल तेवढ्यात ओसरते. मग पुढची ५ मिनिटं नोंद.

पद्धत साधी आहे. दर ३० सेकंदांनी मान वर करा आणि त्या क्षणी जनावर काय करतंय तेवढंच लिहा. ५ मिनिटांत १० खुणा होतात. त्यासाठी आधीच सहा-सात वर्तनं ठरवून त्यांची अक्षरं पाडून ठेवा: झोपलेलं, बसलेलं, उभं, फेऱ्या मारणं, जखम चाटणं, मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड. प्रत्येकाची व्याख्या एका ओळीत हवी. 'बसलेलं' म्हणजे ढुंगण जमिनीला आणि पुढचे पाय ताठ, असं. नाहीतर दुपारच्या मुलीचं 'बसलेलं' रात्रीच्या मुलाचं 'झोपलेलं' होतं.

इथे एक खाच आहे. ओठ चाटणं, जांभई, अंग झाडणं, पुढचा पाय उचलून धरणं ही ताणाची लक्षणं क्षणभराची असतात. ३० सेकंदांच्या खुणांमध्ये ती निसटतात. त्यांच्यासाठी कागदाच्या उजव्या बाजूला वेगळा रकाना पाडा आणि दिसेल तेव्हा उभी रेघ मारा. खुणा आणि रेघा एकाच रकान्यात मिसळल्या की नोंद निरुपयोगी.

दुसरी चूक भाषेची. शीटवर 'नाराज आहे', 'नाटक करतोय', 'लाडावलंय' असं लिहिलेलं सापडतं. हे मत झालं. 'कान मागे चिकटलेले, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय, शेपटी पोटाखाली, हाक मारली तरी मान वळवत नाही' ही नोंद झाली. शेपटी हलतेय म्हणून 'खूश' लिहू नका. उंच, ताठ शेपटीचं टोक भराभर थरथरणं वेगळं आणि कमरेसकट सैल हलणारी शेपटी वेगळी. पहिलीजवळ हात नेला तर तो कदाचित सलामत परत येणार नाही.

मांजराचं दुखणं चेहऱ्यावर वाचायचं. पाच जागा: कान, डोळे, तोंडाभोवतीचा ताण, मिशा, आणि खांद्याच्या तुलनेत डोकं किती खाली. प्रत्येकाला ०, १ किंवा २. एकूण १० पैकी ४ किंवा जास्त आले तर वेदनाशामकाबद्दल डॉक्टरांना विचारा. मांजर झोपलेलं, खात असलेलं किंवा अंग चाटत असलेलं असताना गुण द्यायचे नाहीत. तेव्हा डोळे मिटलेलेच असतात आणि गुण फुकट वाढतात. गप्प, अंग चोरून बसलेलं मांजर म्हणजे 'शहाणं' मांजर, ही समजूत वॉर्डात फार महाग पडते.

तपासून घ्या: महिन्यातून एकदा दोघांनी एकाच वेळी, न बोलता, एकाच जनावराची नोंद घ्या. १० पैकी ८ खुणा तरी जुळायला हव्यात. जुळल्या नाहीत तर व्याख्या दुरुस्त करा, भांडू नका.

४. श्वास, बाहेरूनच

छाती वर आणि खाली, मिळून एक श्वास. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. अनियमित वाटला तर पूर्ण मिनिट. १५ सेकंदांना चारने गुणू नका, श्वासाच्या आकड्यात एका श्वासाची चूक चार होते. शांत कुत्र्याचे १० ते ३०, मांजराचे साधारण २० ते ३०. हृदयविकाराच्या कुत्र्याचा झोपेतला श्वास मिनिटाला ३० च्या वर जाऊ लागला तर ते लगेच कळवायचं.

धापा टाकणारं कुत्रं मोजायचं नाही. आकड्याच्या जागी 'धापा' लिहा, वेळ टाका, सावलीत थंड ठिकाणी ठेवा आणि २०-३० मिनिटांनी परत या. 'श्वास १४०' या आकड्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. 'धापा ३० मिनिटांनंतरही चालू' यातून बरंच कळतं.

आता कूलरचं. नागपुरातल्या बहुतेक वॉर्डांत वाळ्याच्या ताट्यांचा डेझर्ट कूलर असतो, आणि थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून कुणीतरी खिडक्या लावून घेतं. कूलर पाण्याची वाफ करून गारवा देतो. हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते. कुत्रं घामाने अंग गार करत नाही, जीभ आणि श्वसनमार्गातल्या ओलाव्याच्या वाफेने करतं. दमट हवेत ती वाफ नीट होत नाही. म्हणजे कूलर चालू, खोली गार वाटते, आणि पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं मात्र जास्तच धापा टाकतंय. कूलरच्या समोरची खिडकी हातभर उघडी हवी किंवा एक्झॉस्ट चालू हवा. पावसाळ्यात कूलर बंद करून नुसता पंखा लावा.

इशारा: तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं मांजर, किंवा मान लांब करून कोपरं बाहेर फेकून उभं राहिलेलं कुठलंही जनावर दिसलं तर पुढचे सगळे टप्पे थांबवा. धरू नका, आडवं करू नका, थर्मामीटर तर नाहीच. डॉक्टरांना हाक मारा आणि ऑक्सिजन तयार ठेवा.

५. जवळ जाणं आणि धरणं

समोरून, वाकून, डोळ्यांत बघत जाऊ नका. बाजूने या, बसा, त्याला येऊ द्या. हुंगायला हात नाकासमोर नेण्याची सवय सोडा. त्याला हुंगायचं असेल तर ते दोन मीटरवरूनही हुंगतं. मागच्या कोपऱ्यात बसलेल्या कुत्र्याला धरायला पिंजऱ्यात डोकं घालायचं नाही. दार उघडं ठेवून सरकत्या दोरीचा फास मोठा करा आणि त्याच्या मानेवरून लांबूनच टाका. खोलीचं दार मात्र आधी लावलेलं हवं. पळालेलं कुत्रं सेमिनरी हिल्सच्या झाडीत शोधण्यापेक्षा कडी दोनदा बघितलेली परवडते.

मुसकं लागलं तर जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात. बँडेजपट्टीने बांधलेलं तोंड म्हणजे गार होण्याची वाट बंद. ते दोन-चार मिनिटांचं काम. उलट्या होणाऱ्या, चपट्या नाकाच्या किंवा उन्हाने तापलेल्या जनावराला ते बांधायचंच नाही.

मांजराला मानगुटीला धरून उचलणं आता चांगल्या दवाखान्यांनी सोडलंय. टोपलीचं वरचं झाकण काढा, अंगावर टॉवेल टाका, आणि तपासायचा तेवढाच भाग उघडा करा.

६. नाडी आणि हिरड्या

कुत्र्या-मांजराची नाडी मागच्या मांडीच्या आतून, दोन बोटांनी. अंगठा वापरला तर स्वतःचीच नाडी मोजली जाते. १५ सेकंद गुणिले चार पुरतं. अनियमित असेल तर पूर्ण ६० सेकंद. मोठ्या कुत्र्याची ६० ते १००, लहान जातींची १४० पर्यंत, मांजराची १४० ते २२०. गाईची शेपटीच्या खालच्या बाजूने, बुडापासून वीतभर अंतराच्या आत. ४८ ते ८४.

एक हात मांडीवर असताना दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप डाव्या कोपरामागे ठेवा. प्रत्येक ठोक्याला नाडी मिळायला हवी. ठोके ऐकू येतात आणि नाडी चुकते, हे लगेच कळवायचं. श्वास घेताना नाडी जरा जलद आणि सोडताना मंद होणं मात्र शांत कुत्र्यात नेहमीचं आहे. त्यावरून धावाधाव नको.

हिरडीवर बोट दाबून सोडा. गुलाबी रंग २ सेकंदांच्या आत परतला पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. मग खालची पापणी ओढून आतला रंग बघा. 'हिरड्या काळ्या' एवढंच लिहून पुढे जाणं ही नोंद नव्हे.

७. ताप, शेवटी

टोकाला व्हॅसलीन, आत २-३ सेंटिमीटर, आणि टोक हलकंसं तिरपं करून आतड्याच्या भिंतीला टेकवा. विष्ठेत रुतलेला थर्मामीटर विष्ठेचं तापमान सांगतो, ते कमी येतं. एनिमानंतर लगेच मोजलेला ताप धरायचा नाही.

कुत्र्याचा १०१ ते १०२.५, मांजराचा १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. एकाच शीटवर फॅरनहाइट आणि सेल्सिअस मिसळू नका. एक ठरवा आणि रकान्याच्या डोक्यावर लिहा. १०२.५ म्हणजे ३९.२, हे पाठ असू द्या. १०३ पर्यंतचा आकडा आला, वर्तनाच्या नोंदीत ताण दिसतोय आणि बाकी सगळं ठीक आहे, तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. वर्तनाची नोंद आधी घेतलेली असेल तरच हा निर्णय घेता येतो.

उष्माघात वेगळा. नवतपाच्या (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ) दिवसांत १०५-१०६ च्या पुढचं कुत्रं आलं तर वरचा क्रम बाजूला ठेवा: डॉक्टरांना हाक, अंगावर नळाचं पाणी, पंखा समोर. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उलट उष्णता कोंडतो. दर ५ मिनिटांनी ताप घ्या आणि १०३.५ ला पाणी थांबवा. थांबवल्यावरही ताप आपोआप खाली जात राहतो. 'नॉर्मल होईपर्यंत' पाणी मारलं तर तासाभरात तेच कुत्रं गारठून पडतं.

इशारा: शस्त्रक्रियेनंतर गार पडलेल्या जनावराला गरम पाण्याची बाटली उघडी लावायची नाही. भूल उतरेपर्यंत ते बाजूला सरकत नाही आणि कातडी भाजते. टॉवेलात गुंडाळा, दर १०-१५ मिनिटांनी हात लावून बघा.

८. वेदना, सलाईन, लघवी

कुत्र्याच्या तीव्र वेदनेची ग्लासगो मोजपट्टी (गुण देण्याचा तक्ता) इथे भरून पूर्ण होते, कारण तिच्यात जखमेभोवती दोन इंचांवर हलकेच दाबणं आहे. तिचाही क्रम ठरलेला: आधी पिंजऱ्यात पाहणं, मग दोरी लावून चालवणं, मग दाबणं. २४ पैकी ६ किंवा जास्त आले तर डॉक्टरांना सांगा. चालता येत नसेल तर चालण्याचा भाग गाळून २० पैकी ५.

सलाईनच्या पायाची बोटं सुजली आहेत का, चिकटपट्टी रुतली आहे का, कॅन्युलाच्या (शिरेत घातलेल्या नळीच्या) वरचा भाग फुगला आहे का, एवढं दर फेरीला.

लघवी नजरेने मोजू नका. कोरा पॅड वजन करून ठेवा. ओला झाला की पुन्हा वजन. वाढलेला १ ग्रॅम म्हणजे १ मिली. सलाईन चालू असलेल्या जनावराला तासाला किलोमागे १ ते २ मिली लघवी अपेक्षित आहे. १२ किलोच्या कुत्र्याचा पॅड ४ तासांत ४० ग्रॅमवरून १०० वर गेला, तर ६० मिली; अपेक्षा ४८ ते ९६ ची. ठीक.

९. लिहिणं

लगेच, २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ टाकून, सहीसह. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. पाळी संपताना आठवून भरलेली शीट ओळखू येते: सगळ्या वेळा बरोबर तासाच्या ठोक्यावर आणि ताप तीन वेळा १०१.५. 'थोडं खाल्लं' ऐवजी किती दिलं आणि किती उरलं ते लिहा.

नोंद अशी दिसावी:

१४:१०. बाहेरून ५ मि.: १० पैकी ७ मागच्या कोपऱ्यात, ३ बसलेलं, ओठ चाटणं ६, जांभई २. श्वास २८, शांत बसलेलं. नाडी ११२, नियमित, ठोक्याशी जुळते. हिरड्या काळ्या, पापणी आतून गुलाबी. ताप १०१.८, १ माणूस, टॉवेल, मुसकं नाही. भात-चिकन १०० ग्रॅम दिलं, ७० उरलं. कॅन्युला ठीक. डाव्या मागच्या पायाला हात लावला की मान वळवून बघतो. सही.

पाळी बदलताना ही ओळ नुसती हातात देऊ नका. पुढच्या माणसाला पिंजऱ्यासमोर नेऊन, दोन मीटर लांब उभं करून, ती वाचून दाखवा आणि कोपऱ्यातल्या लाल ओळीवर बोट ठेवा.